रिकामे कसे द्यायचे

"डबे परत येत नाहीत म्हणतेस ना, मग डब्यांचं राहू दे. त्या पोरीला एकदा नीट बघून ये," असं सुचित्राच्या आईनं नाशिकहून फोनवर सांगितलं होतं. सुचित्रानं ते या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं.

सोडून दिलं, कारण नेमका त्याच वेळी तिचा चार वर्षांचा वेद खुर्ची ओढत ओट्यापाशी आला होता आणि द्राक्षांच्या वाटीत हात घालत होता. अख्ख्या द्राक्षांच्या. सुचित्राच्या घरात द्राक्ष उभं चिरून, आडवं चिरून, मगच पोराच्या तोंडात जायचं. घशात अडकलं म्हणजे? तिनं फोन खांद्यात धरून वाटी उचलली, वेदला उचललं, आणि "आई, नंतर बोलते गं" म्हणाली.

"अगं ऐक तरी. मंजिरी तर मला म्हणत होती की..."

"नंतर, आई!"

मंजिरी काय म्हणत होती ते राहूनच गेलं. नंतर फोन केला तेव्हा वेदचा खोकला, त्याच्या अंगावरचा पुरळ, किंडरगार्टनच्या बाईंनी त्याला उन्हात टोपीशिवाय सोडलं ते, असे इतके विषय होते की डब्यांची आठवण दोघींनाही राहिली नाही.

ती पोरगी म्हणजे उर्वी. सुचित्राच्या माहेरच्या कॉलनीतल्या मंजिरीमावशींची मुलगी. साल दोन हजार आठ. त्या एक-दोन वर्षांत कुठल्याही विमानातून डोकावून पाहिलं असतं तर पाठीवर सॅक आणि छातीशी कागदपत्रांची पिशवी धरलेली अशी पोरंच पोरं मेलबर्नला उतरताना दिसली असती. त्यांतलीच ही एक. वर्षभरापूर्वी क्लेटनच्या युनीत, म्हणजे युनिव्हर्सिटीत, मास्टर्स करायला आली होती. हसरी, बोलकी, पोहायला पडल्यासारखे हात हलवत गोष्टी सांगणारी. दर पंधरवड्याला रविवारी ती ग्लेन वेव्हर्लीला सुचित्राकडे जेवायला यायची, वेदला पाठीवर घेऊन घोडा व्हायची, आणि जाताना सुचित्रा तिच्या हातात डबा द्यायची. कधी मेथीच्या वड्या, कधी मसालेभात, कधी नुसत्या पोळ्या आणि लसणाची चटणी.

डबे साधे नव्हते. सुचित्राच्या लग्नात आईनं दिलेले, जाड बुडाचे, घट्ट झाकणाचे स्टीलचे डबे. प्रत्येक झाकणावर मशिननं कोरलेलं: 'चि. सुचित्रास, आईकडून'. हृषिकेश, म्हणजे तिचा नवरा, म्हणायचा, "अगं, प्लॅस्टिकच्या डब्यात दे ना, ते परत नाही आले तरी चालतात." पण गरम भात प्लॅस्टिकमध्ये घालायचा म्हणजे सुचित्राच्या अंगावर काटा यायचा. तिनं त्यावर काय काय वाचून ठेवलं होतं.

सुरुवातीला डबे यायचे, तेही भरून. एकदा उर्वीनं गूळपापडीच्या वड्या आणल्या होत्या, त्या इतक्या टणक होत्या की हृषिकेशनं एक वडी दारामागे अडकवून दार उघडं ठेवून दाखवलं. आपल्याकडे डबा रिकामा परत देत नाहीत, मग आत निदान चिमूटभर साखर तरी, हे उर्वीच्या आईनंही तिला शिकवलेलं दिसत होतं. सुचित्राला त्याचंच कौतुक वाटलं होतं. मग डबे यायचे थांबले. उर्वी यायची, जेवायची, "छान चाललंय ताई" म्हणायची, नवा डबा न्यायची, जुना मात्र "अय्यो, विसरले!" करत घरीच राहायचा. सुचित्राला आधी राग आला, मग वाटलं असेल परीक्षेची गडबड. आणि मागच्या खेपेला उर्वी निघताना दारात स्वेटर घालत होती, तेव्हा बाहीतून बाहेर आलेलं तिचं मनगट बघून सुचित्राला पहिल्यांदा आईचं बोलणं आठवलं. मनगटावरचं घड्याळ सैल होऊन कोपराकडे घसरत होतं.

त्या रात्री तिनं हृषिकेशला सांगितलं, "तू त्या सफरचंदाच्या बागेचं म्हणत होतास ना? जाऊ या. उर्वीलाही घेऊ. मला तिला विचारायचंय."

"काय विचारायचंय?"

"तेच कळत नाहीये. काहीतरी बिनसलंय तिचं."

"मग फोनवर विचार."

"फोनवर ती 'छान' म्हणते रे."

ईस्टर होऊन गेल्यावरच्या शनिवारी ते निघाले. उर्वीला घरून घेऊ म्हटलं तर ती म्हणाली, "नको नको, डँडेनॉन्ग स्टेशनवरून घ्या, तुम्हाला वाकडी वाट कशाला." ती स्टेशनबाहेर उभी होती, तोच स्वेटर, पाठीवर भलीमोठी सॅक. हृषिकेशनं डिकी उघडली तर तिनं सॅक छातीशी धरली. "मांडीवरच घेते, दादा."

"दगड भरलेत की काय? एक दिवसाची पिकनिक आहे, बाई."

"अभ्यास आहे, दादा."

"बघ वेद, अशी असतात हुशार मुलं. बागेत पण अभ्यास."

मागच्या सीटवर वेद आपल्या कार सीटमध्ये पट्ट्यांनी आवळून बसला होता. पट्टा घट्ट आहे की नाही हे सुचित्रानं निघताना बघितलं होतं, पेट्रोल पंपावर बघितलं होतं, आणि आता पुढच्या सीटवरून हात मागे घालून पुन्हा चाचपत होती. तिच्या मांडीवर मेलवेचं जाडजूड नकाशाचं पुस्तक उघडं होतं आणि त्यामुळे ते दोनदा चुकले. आरशातून तिला उर्वी दिसत होती. वेद तिला शाळेतलं काहीतरी इंग्रजीत सांगत होता आणि ती मान डोलावत होती, पण मान डोलवता डोलवता तिचे डोळे मिटत होते. डोंगराची चढण लागायच्या आत ती झोपली, तोंड किंचित उघडं टाकून, दोन्ही हात सॅकभोवती.

"शी इज स्नोअरिंग," वेदनं जाहीर केलं.

"झोपू दे तिला," सुचित्रा म्हणाली. सकाळची वेळ, चांगलं ऊन, आणि तिशीही न गाठलेली पोरगी अशी मेल्यासारखी झोपते?

बाग डोंगराच्या पलीकडच्या उतारावर होती. फाटकावर हिरवी पाटी, तिच्यावर पांढऱ्या रंगात वीणेसारखं एक वाद्य काढलेलं, आणि खाली 'कुत्रा चावत नाही, हंस चावतो'. हे वाचून सुचित्रानं वेदला कडेवरच घेतलं. बागेची मालकीण नोरीन पत्र्याच्या मोठ्या शेडच्या दारात उभी होती. सत्तरीची, उंच, गमबूट घातलेली, आणि बोलताना प्रत्येक वाक्याचं शेपूट वर उचलणारी. तिचा जन्म याच डोंगरातला, पण आजोबा आयर्लंडहून आले तेव्हा त्यांनी ओल्या गोणपाटात गुंडाळून सफरचंदाच्या काड्या आणल्या होत्या. बंदरावर कुणी फारसं बघत नसे तो काळ. त्या काड्यांची ही कलमं.

"आता माझ्या बुटांना चिकटलेली मातीसुद्धा एअरपोर्टवर धुऊन घेतात," ती म्हणाली. "बसा. आधी रस, मग सायडर. आणि तू कोण रे, राजा?"

"वेद," वेद म्हणाला. "अँड दॅट्स माय उर्वीताई. शी स्नोअर्स."

सायडर म्हणजे हाच रस आंबवून केलेली दारू. फळीवर छोटे छोटे पेले मांडले गेले. पहिला रस हंगामाच्या सुरुवातीला येणाऱ्या फळाचा, जानेवारीतच काढून बाटल्यांत भरलेला. आयरिश पीच त्या सफरचंदाचं नाव. त्यावर वेदनं नोरीनशी बराच वाद घातला, की सफरचंदाला पीच म्हणणं खोटं बोलणं आहे. नोरीननं तो मुद्दा गंभीरपणे मान्य केला आणि आजोबांच्या वतीनं माफी मागितली. सुचित्रानं पेला वेदच्या ओठाला लागायच्या आत स्वतःच्या नाकाला लावला, हुंगला, एक घोट घेतला, जिभेवर घोळवला, मग दिला.

"लव्ह," नोरीन म्हणाली, "सायडरची पिंपं शेडच्या त्या टोकाला आहेत आणि रसाची या टोकाला. मधे मी उभी आहे. माझी पाच पोरं या शेडमध्ये वाढली, एकही चुकून प्यायलं नाही. जे प्यायले ते जाणूनबुजून."

हृषिकेश खो खो हसला. सुचित्राही हसली, पण दुसरा पेलाही तिनं हुंगलाच.

दुसरा रस आंबट, इतका की जबड्याच्या मागे कळ आली. तिसरा मात्र खडबडीत, तपकिरी सालीच्या सफरचंदांचा. घोट गिळल्यावर मागे भाजक्या शेंगदाण्यासारखी चव राहिली. सुचित्राला तो फार आवडला. मग हृषिकेश दुसऱ्या टोकाला गेला आणि सायडर चाखू लागला. पहिली गोड, दुसरी कोरडी, तिसरी गढूळ आणि फसफसणारी. तो नोरीनला समजावून सांगायला लागला की आमच्या कोकणात झाडावरून पहाटे उतरवली तर नीरा, आणि तीच ऊन खाऊन बसली की ताडी, तुमचंही तसंच. नोरीनला ते इतकं पटलं की तिनं त्याला चौथ्या पिंपातली चाखायला दिली, जी पाहुण्यांना देत नाहीत.

"गाडी मी चालवणार आहे का?" सुचित्रानं विचारलं.

"तूच चालव. तू चालवलीस की आपण निदान ताशी चाळीसनं सुखरूप पोचू."

"हसून घे."

फळीवर नोरीननं पावाच्या जाड फोडी आणि चीज ठेवलं होतं. एका रसाची चव दुसऱ्यात मिसळू नये म्हणून मधे एक तुकडा तोंडात टाकायचा. उर्वी रस पीत होती, सायडर नको म्हणाली होती. पण पाव खात होती. एक तुकडा, मग दुसरा, मग बोलता बोलता, कुणाचं लक्ष नाही असं बघून, आणखी एक. सुचित्रा बघत होती. घरी जेवायला येते तेव्हा वाढून घ्यायला लाजणारी ही मुलगी. नोरीनही बघत असावी, कारण तिनं काही न बोलता पावाची फळी कोपरानं उर्वीकडे सरकवली आणि सुरी शोधायच्या निमित्तानं पाठ फिरवली.

त्यांनी तपकिरी सफरचंदांच्या रसाचा एक मोठा जग घेतला. जाड काचेचा, मानेला कान असलेला. नोरीननं त्याच्या कानाला पिवळ्या लोकरीचा धागा बांधला. प्रत्येक घराचा रंग वेगळा. जग संपला की परत आणायचा, ती पुन्हा भरून देते.

"रिकामा आणायचा?" सुचित्राच्या तोंडून निघून गेलं.

"मग कसा आणणार? भरलेला असेल तर माझ्याकडे कशाला याल?"

सुचित्रानं उर्वीकडे बघितलं, उर्वीनं सुचित्राकडे, आणि दोघींना एकदमच हसू फुटलं. "ताई, हिला काय सांगणार आपण!" उर्वी म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती अशी मोकळी हसली होती. आणि हसता हसताच, नळ बंद करावा तसं, तिचं हसू थांबलं. ती उठली, सॅक खांद्यावर घेतली आणि म्हणाली, "मी जरा झाडं बघून येते. तोडलेली चालतात ना?"

"तोड की, लव्ह. शेवटच्या ओळीतली छान आहेत. खाली पडलेली घेऊ नकोस, त्यांच्यात गांधीलमाश्या असतात."

गांधीलमाश्या हा शब्द कानावर पडला आणि सुचित्राचं बाकी सगळं सुटलं. पुढचा अर्धा तास ती वेदच्या मागे होती. वेद शिडीवर चढला, खाली घे. वेदनं पडलेलं सफरचंद उचललं, टाक ते. तो हंस कुठे आहे? इकडे बघतोय का? हृषिकेश एका झाडाखाली पाय पसरून बसला होता, चौथ्या पिंपानं त्याचं सगळ्या जगाशी सख्य झालं होतं. वेदनं शेवटी एक सफरचंद स्वतः तोडलं, स्वेटरला पुसलं, आणि म्हणाला, "धिस इज फॉर उर्वीताई. व्हेअर इज शी?"

व्हेअर इज शी. सुचित्रा जागच्या जागी थांबली. डोळ्यांत तेल घालून ती सकाळपासून बघत होती, पण कुणाकडे? जिच्यासाठी आलो ती पोरगी कधीची नजरेआड झाली होती आणि आपण हंसाचा माग काढतोय. तिनं वेदचं बोट हृषिकेशच्या हातात दिलं. "सोडू नकोस," म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं धरलंय की नाही हे न बघता निघाली.

शेवटच्या ओळीच्या टोकाला पाण्याची टाकी होती. टाकीच्या आडोशाला उर्वी गवतात मांडी घालून बसली होती. पुढे ओढणी पसरलेली आणि ओढणीवर ओळीनं स्टीलचे डबे. सगळे. झाकणं बाजूला काढून ठेवलेली, लखलखीत घासलेली, उन्हात चमकणारी. 'चि. सुचित्रास, आईकडून', 'चि. सुचित्रास, आईकडून'. उर्वी एकेक तपकिरी सफरचंद ओढणीच्या टोकानं पुसत होती आणि डब्यात बसतंय का बघत होती. मोठी बसत नव्हती, म्हणून लहान लहान निवडत होती.

सावली पडली तशी तिनं वर बघितलं. चोरी पकडली गेल्यासारखा तिचा चेहरा झाला.

"मी देणारच होते, ताई. आज देणारच होते."

"सॅकमध्ये हे होतं?"

"हं."

"मग इतके दिवस का नाही दिलेस गं?"

उर्वीला प्रश्नच समजला नाही असं वाटलं. "रिकामे कसे द्यायचे?" ती म्हणाली. "काही करायला जमलंच नाही. म्हणून ठेवले. मग आणखी साठले. मग इतके झाले की दोन भरून आणि बाकीचे रिकामे, असं कसं द्यायचं..."

"अगं, साखर टाकायचीस चिमूटभर!"

"साखर पण..." आणि ती थांबली. हातातलं सफरचंद पुसतच राहिली, त्याची साल निघेल इतकी.

सुचित्रा गवतात बसली. गवत ओलं होतं, मुंग्या असतील, साप असेल, हे तिच्या मनात आलं आणि गेलं. "तुझ्या घरात साखर नाही?"

मग ते हळूहळू बाहेर आलं. ज्या घरात उर्वीला खोली मिळाली होती, तिथे आता खोली नव्हती, गादी होती. घर चालवणाऱ्या माणसानं हॉलमध्येसुद्धा गाद्या टाकल्या होत्या. एक गादी दोघींत. स्वरदा म्हणून अकोल्याची मुलगी होती, तिची फॅक्टरीत रात्रपाळी असायची, तोवर ठीक होतं. रात्री गादी उर्वीची, दिवसा स्वरदाची. पण स्वरदाला दिवसपाळी लागली. आता एक रात्र ही झोपते, एक रात्र ती. जिची पाळी नसेल ती युनीच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये बसून असते. आणि स्वयंपाकघराला कुलूप. गादीवाल्यांना गॅस वापरायचा नाही.

"मग जेवतेस काय?"

"तुमचा डबा असतो ना. तो आम्ही दोघी पुरवून पुरवून खातो. वड्या चार दिवस टिकतात, ताई. तुमच्या टिकतात. माझ्या जन्मभर टिकतील." ती हसायला गेली आणि तिचा आवाज मधेच फुटला. "डबे मी बाथरूममध्ये घासायचे. पण तिथे ठेवायची भीती वाटायची, कुणी नेले तर? तुमच्या आईंनी दिलेत. म्हणून सॅकमध्येच घेऊन फिरते."

इतक्या दूर, सगळ्या शहरभर, लेक्चरला, लॅबमध्ये, ट्रेनने, ही पोरगी आपल्या आईचे डबे पाठीवर घेऊन हिंडत होती. आणि आपण तिला विसरभोळी ठरवून मोकळे झालो होतो.

"घरी का नाही सांगितलंस? मंजिरीमावशींना?"

"बाबांना कळलं तर दुसऱ्या दिवशी परत बोलावतील. सगळे त्यांना सांगत होते, मुलीला एवढ्या लांब पाठवू नका. त्यांनी कुणाचं ऐकलं नाही. आता दोन सेमिस्टर राहिलीत, ताई. मी गेले तर संपलंच." तिनं मान खाली घातली. "आणि घरी मी सांगितलंय की मी तुमच्याकडे राहते. सॉरी."

मंजिरी तर मला म्हणत होती की... सुचित्राच्या कानात आईचा आवाज आत्ता पूर्ण झाला. तुझ्याकडेच तर राहते ना ती, मग डबे जातात कुठे आणि येत नाहीत ते कुठून? हे विचारत होती आई. आणि आपण द्राक्षं चिरत होतो.

"चल," सुचित्रा म्हणाली.

"कुठे?"

"घरी. आधी त्या हॉलमधलं तुझं सामान घेऊ, मग घरी."

"नाही ताई. तुमचं दोनच खोल्यांचं आहे. वेदची खोली..."

"वेदच्या खोलीत वेद झोपतो कुठे? तो आमच्या दोघांच्या मधे झोपतो. त्याचा श्वास चालू आहे की नाही ते मला रात्री बघायला लागतं." हे सांगताना सुचित्राला पहिल्यांदाच स्वतःचं हसू आलं. "त्या खोलीत एक हत्ती, दोन अस्वलं आणि एक फायर इंजिन झोपतं. ते सरकतील."

"पण हृषीदादा..."

"त्याला आज काहीही विचार, तो हो म्हणेल. चौथं पिंप झालंय."

उर्वी हसली आणि रडली, दोन्ही एकदमच. "मी पोळ्या करीन," ती नाक पुसत म्हणाली. "रोज."

"गोल होतात?"

"नाही."

"मग भांडी घास. आणि मंजिरीमावशींना काही सांगायची गरज नाही. तू माझ्याकडे राहतेस म्हणालीस ना? मग आजपासून राहतेस. झालं खरं."

दोघींनी मिळून उरलेले डबे भरले. एकही रिकामा राहिला नाही. झाकणं लावून शेडकडे आल्या, तर हृषिकेशनं वेदचं बोट खरंच धरून ठेवलं होतं, आणि वेदनं आपलं सफरचंद. ते त्यानं उर्वीला दिलं. "इट इट नाऊ," त्यानं फर्मावलं, "आय वॉश्ड इट." धुतलं नव्हतं, थुंकी लावून पुसलं होतं. सुचित्रानं ते पाहिलं, तोंड उघडलं, आणि मिटलं. उर्वीनं ते देठापर्यंत खाल्लं.

नोरीननं पैसे लावायला डबे तोलले नाहीत. एका झाकणावर नखानं टकटक केलं, कोरलेली अक्षरं अंगठ्यानं चाचपली. "कुणाचं नाव?"

"माझं," सुचित्रा म्हणाली. "आईनं घातलंय."

"चांगलं भांडं आहे," नोरीन म्हणाली आणि उरलेला पाव कागदात गुंडाळून उर्वीच्या सॅकमध्ये घातला. सॅकमध्ये आता जागा होती.

परतताना गाडी सुचित्रानं चालवली. ताशी साठनं.

महिन्याभरानं ते पुन्हा बागेत गेले तेव्हा पिवळ्या धाग्याचा जग भरलेला होता. घरामागच्या अंगणातल्या झाडाची लिंबं, साखर, किंचित मीठ आणि वेलची. सरबत उर्वीनं केलं होतं. नोरीननं जग उजेडात धरला, बूच काढलं, आणि हुंगला. मग एक घोट घेतला, जिभेवर घोळवला.

"यात काय आहे?" तिनं संशयानं विचारलं.

"काही नाही," सुचित्रा म्हणाली. "रिकामा आणता आला नाही, एवढंच."

उर्वीचं शिक्षण सुचित्राच्याच घरी पुरं झालं. पोळ्या अजूनही गोल होत नाहीत. वेद आता फायर इंजिनजवळ गादी टाकून झोपतो आणि उर्वीताई घोरते अशी तक्रार करतो.

एक गोष्ट मात्र सुचित्राच्या मनातून जात नाही. सामान आणायला ते त्या घरी गेले, तेव्हा स्वरदा कामावर होती. मग उर्वीच्या हाती सुचित्रानं तिच्यासाठी एक डबा पाठवला, घरी ये असा निरोपही पाठवला. "नक्की येते, ताईंना सांग," स्वरदा उर्वीला म्हणाली. त्यानंतर कळलं की ती कॉलेज बदलून ॲडलेडला गेली, मॉसन लेक्सच्या बाजूला कुठेतरी. फोन नंबर बदलला. डबा आलेला नाही.

म्हणून सुचित्रा आता ज्याला त्याला विचारते, आणि हे वाचणाऱ्या तुम्हालाही तिचं तेच सांगणं आहे: "मॉसन लेक्सला तुमचं कुणी असेल, तर जरा चौकशी करा हो. स्वरदा नाव, अकोल्याची आहे, डाव्या गालावर तीळ आहे असं उर्वी म्हणते. 'छान चाललंय' म्हणेल, तिथून लगेच निघू नका. थोडं बसा. तिच्या स्वयंपाकघरात डोकावा. तिच्याकडे स्टीलचा डबा असेल, त्याच्यावर माझं नाव आहे. तो रिकामा असेल म्हणून ती देत नसेल. डब्याचं राहू द्या. ती कशी आहे, तेवढं बघून मला कळवा."